तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या

रंजीताने भुईमुगाच्या वाफ्यात दोन दिवस साध्या पिठाच्या गोळ्या टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, उंदराच्या औषधाच्या. मावला गावात भाजीपाला करणाऱ्यांची हीच रीत. उंदीर मोठा वस्ताद. आधी कुरतडून बघतो, जिवाला सोसलं तरच पोटभर खातो. पण बांधावरच्या बाभळीत कापशी घारीचं घरटं आहे, त्यात दोन पिल्लं आहेत, हे तिला आज सकाळी दिसलं. तोवर गोळ्या फस्त झाल्या होत्या.

आता झिंगलेले उंदीर भरदिवसा बिळातून बाहेर पडत होते आणि वर ती पांढरी घार एका जागी पंख मारत टपली होती. काय म्हणावं याला! मुठीएवढा उंदीर दहादा हुंगून खातो आणि आभाळातून गवताची काडी हललेली जिला दिसते, ती बया पुढ्यात आलं ते उचलते. त्यात उंदरीण पोत्याने पिल्लं घालते, हिची मोजून दोन.

रंजीता टोपलं घेऊन मेलेले उंदीर वेचत धावत होती. घारीने एक उचलला, तशी तिने ढेकूळ भिरकावलं. घार उंदीर टाकून उडाली. बाभळीत पिल्लांनी कालवा केला.

"काऊन वं," बांधावरून तिची सासू सोजरबाई म्हणाली, "जिच्यासाठी जीव टाकून राह्यली, तिलेच ढेकळं मारून राह्यली?"

"मंग काय करू, आत्याबाई? माह्याच हातानं इख टाकलं ना!"

दुपारपर्यंत पिल्लांचा आवाज बारीक झाला. विषातून वाचवता वाचवता आपण त्यांना उपाशी मारतोय, असं रंजीताला वाटू लागलं. तिला एका जागी उभं राहवेना.

सोजरबाई घरी गेली आणि स्वयंपाकघरातला पिंजरा घेऊन आली. आत चांगला टुणटुणीत उंदीर होता.

"यानं काय खाल्लं?" रंजीताने विचारलं.

"आपलीच भाकर. परवापासून कोंडून हाय. सरक तिकडं."

जन्मात एक उंदीर जिवंत न सोडलेल्या त्या बाईने बांधावर पिंजऱ्याचं दार उघडलं. दोघी आंब्याखाली जाऊन दबून बसल्या. उंदीर बाहेर आला, जमीन हुंगू लागला. घार खाली आली आणि त्याला घेऊन बाभळीत शिरली.

पिल्लं एकदम गप्प झाली. तोंडात घास आहे म्हणून गप्प, हे रंजीताला कळत होतं. तरी पिल्लं पुन्हा ओरडेपर्यंत तिने श्वास रोखून धरला.