काडी घट्ट नव्हती

आमच्या घरात कुणाचं डोकं दुखलं की गोळी मिळत नाही, चष्मा मिळतो. चेष्टा नाही, खरं सांगते. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चष्मेवाले. त्यांचे वडीलही चष्मेवालेच. जगातली निम्मी डोकेदुखी नंबर चुकल्यामुळे होते आणि उरलेली निम्मी फ्रेम नीट न बसल्यामुळे, असं त्यांचं ठाम मत. अगदीच चुकत असते तर बरं झालं असतं, कुणी त्या मताला भीक घातली नसती. पण पुष्कळदा त्यांचं खरं निघायचं. कपाळ धरून आलेलं गिऱ्हाईक चार दिवसांनी हसत यायचं आणि म्हणायचं, काय जादू केलीत हो! त्यामुळे भाऊजींचा स्वतःवर विश्वास आणि ताईचा भाऊजींवर. माझा कुणावरच नाही, म्हणून ते मला मिरची म्हणतात.

खाली दुकान, वर घर. माझा नवरा गेल्यापासून मी ह्या दोघांकडेच असते. दुकानात काउंटर माझं, कारण भांडायला कुणीतरी लागतंच. नंबर काढणं आणि फ्रेम बसवणं भाऊजींचं. आणि मागच्या टेबलाशी बसून बारीक काम करायचं ते ताईने. सुईच्या टोकाएवढे स्क्रू फिरवायचे, अर्ध्या फ्रेमच्या चष्म्याला खालून जो पातळ दोरा असतो तो काचेच्या खाचेत बसवायचा. साठी उलटली तरी तिचा हात हलत नव्हता.

तर ह्या ताईचं डोकं दुखायला लागलं. उजवं कानशील. आधी कधी तिला डोकेदुखी माहीत नव्हती, डोकं दुखायचं ते माझं, तेही लोकांमुळे. भाऊजींनी लगेच तिला खुर्चीत बसवून नंबर काढला. नंबर आहे तोच. मग त्यांनी चष्मा हातात घेऊन वळवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सापडलं! उजवी काडी घट्ट आहे. कानशिलावर दाबतेय."

काडी गरम केली, बोटांनी अलगद बाहेर वाकवली, ताईला चष्मा घातला आणि समोर उभे राहिले. चष्मा बसवून झाला की ते असेच उभे राहतात, शाळेतल्या मुलाने गणित दाखवल्यासारखे.

"बरं वाटतंय?"

"हो. बरंच," ताई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कानशील ठणकतंय. भाऊजींनी काडी आणखी सैल केली. मग तो चष्मा नाकावरून घसरायला लागला, म्हणून नाकावरच्या गाद्या बदलल्या. मग म्हणे फ्रेमच जड. हलकी फ्रेम आणली, तिच्यात नव्या काचा घातल्या. दर वेळी विचारायचे, बरं वाटतंय? आणि दर वेळी ताई म्हणायची, हो, बरंच.

मी मात्र बघत होते. सकाळी केस विंचरताना ती कंगवा टेकवायची आणि डोळे मिटायची. उजव्या कुशीवर झोपणं तिने सोडलं होतं. अंगात कणकण, ब्लाउज ढगळ झालेले. जेवताना दोन घास चावले की थांबायची आणि जबडा चोळायची.

"दात दुखतोय का गं?"

"दात नाही. चावून चावून जबडा थकतो."

"जबडा थकायला तू काय भाषणं देतेस? ते खातं माझ्याकडे आहे."

ती हसली, पण ताटात घास तसाच राहिला. मी भाऊजींना म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या. ते म्हणाले, काडीने घासून घासून तिथली कातडी हुळहुळी झालीय, चार दिवस थांब. जबड्याचं? वय झालं की होतं. थकव्याचं? पुन्हा वयच. ह्या माणसाकडे दोनच उत्तरं, फ्रेम नाहीतर वय.

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," मी म्हटलं.

"म्हैस कोण गं?" ताई मागच्या टेबलावरून म्हणाली. असं काही बोलली की मला वाटायचं, चला, फार काही नसेल.

एके दिवशी दुपारी दुकान शांत होतं. एका शाळेचे चष्मे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते, भाऊजी आतल्या खोलीत काचा घासत होते. ताई भिंगाच्या दिव्याखाली दोरा बसवत बसली होती. मी काउंटर पुसत होते.

"अगं, दिवा घालवलास का?"

दिवा तर लख्ख चालू होता. तिच्या हातांवर उजेड पडला होता, आणि ते हात हवेतच थांबले होते. तिने डावा डोळा झाकला, मग उजवा. गिऱ्हाइकांना आम्ही करायला लावतो तसंच.

"उजव्याने काही दिसत नाही. वरून पडदा सोडल्यासारखं झालंय."

पाणी आणायला धावले ते कशाला, मलाही ठाऊक नाही. पाणी घेऊन परत आले तर ही बाई पुन्हा दोरा ओढतेय!

"आलं बघ परत. ह्यांना सांगू नकोस आत्ता, कामात आहेत."

"सांगू नको? अख्ख्या गल्लीला सांगते," मी म्हटलं आणि हाका मारून भाऊजींना बाहेर काढलं.

ते हात पुसत आले. सगळं ऐकून घेतलं. घाबरले नाहीत असं नाही, पण सवय वाईट असते.

"नव्या काचा आहेत. नजरेला सवय व्हायला वेळ लागतो. आलीय ना परत? उद्या सकाळी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आलीय, कबूल. पुन्हा जाणार नाही ह्याची हमी कोण देतं? फ्रेमची वर्षाची हमी देता ना गिऱ्हाइकाला? बायकोच्या डोळ्याची द्या. उद्या सकाळपर्यंतची द्या, जास्त नको!"

"मिरची, तू आरडाओरडा करून—"

"आणि नव्या काचा आहेत कुठे? बघा तरी तिच्याकडे! चष्मा कुठाय तिच्या नाकावर?"

भाऊजींनी पाहिलं. चष्मा नव्हता. तो ड्रॉवरमध्ये पडला होता. काडी टेकवणंच सहन होईना म्हणून ताईने दोन दिवस तो घातलाच नव्हता, भिंगावर काम भागवत होती. रोज समोर बसणारी बायको, आणि चष्मेवाल्याला हे दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"चष्मा नाही, तरी दुखतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

ताईने दोरा पुन्हा हातात घेतला.

त्यांनी हात पुढे केला. काडी कुठे टेकते ते बघायला ते गिऱ्हाइकाच्या कानशिलावर बोट ठेवतात, तसं ठेवलं. ताई कळवळली. त्यांनी बोट उचललं नाही, फक्त अगदी हलकं केलं आणि कानाच्या पुढून वर सरकवत नेलं. कातडीखाली शीर फुगली होती, दोरीसारखी टणक. मग त्यांनी दुसऱ्या बाजूचं कानशील चाचपलं. मग पुन्हा उजवं. आयुष्यभर माणसांची कानशिलं हाताळलेला माणूस. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"शटर ओढ," ते म्हणाले.

"शाळेचे चष्मे?" ताई म्हणाली.

"शाळा गेली खड्ड्यात," भाऊजी म्हणाले. एवढं वाईट बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलातच जायचं, हे मी टॅक्सीत बसतानाच ठरवून टाकलं. तिथे इमर्जन्सीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, डोकेदुखी ना, बसा, बोलावतील. बसा? मी खिडकीत तोंड घालून सांगितलं, "डोकेदुखी नुसती नाही. एका डोळ्याची नजर गेली होती, आत्ता दुपारी. वय साठच्या वर. कानशिलाला हात लावू देत नाही. आणि चावताना जबडा थकतो."

मागे एक तरुण डॉक्टरीणबाई उभ्याने काहीतरी लिहीत होती. शेवटचं वाक्य ऐकून तिने मान वर केली.

"चावताना? कुणाला?"

तिने ताईला स्वतः आत नेलं. केस विंचरताना दुखतं का, ताप येतो का, वजन उतरलं का, सकाळी खांदे आखडतात का? ताई प्रत्येक प्रश्नाला "थोडंसं" म्हणायची आणि मी मागून "थोडंसं नाही, चांगलंच" म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी शेवटी ताईऐवजी मलाच विचारायला सुरुवात केली.

मग तिने समजावून सांगितलं. कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आलीय असं दिसतंय. तशीच सूज डोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिनीला आली की नजर जाते. आज थोडा वेळ गेली ती पुढच्या धोक्याची सूचना. रक्त तपासू, कानशिलातल्या त्या रक्तवाहिनीचा बारीक तुकडा काढून तोही तपासू, पण औषध त्यासाठी अडवून ठेवायचं नाही, आत्ताच शिरेतून सुरू करायचं.

"पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं दुखायला लागलं आणि थांबेचना, तर दाखवायला वेळ लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि नजर गेली, भले परत आली, तर त्याच क्षणी निघायचं."

"उद्या सकाळी आलो असतो तर?" भाऊजींनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे बघितलं. बहुधा खोटं बोलावंसं तिला वाटलं असेल, पण बोलली नाही. "उद्या सकाळी कदाचित मला काहीच करता आलं नसतं. दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो ह्यात. आताही पहिले काही दिवस लक्ष ठेवायचं. नजरेत जरा काही फरक वाटला तरी लगेच सांगायचं, लपवायचं नाही."

सकाळी मी डबा घेऊन वॉर्डात गेले तर ताई उशाला टेकून बसली होती, हाताला सलाईन. ठणका पुष्कळ उतरला होता, चेहरा इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता. भाऊजी शेजारच्या स्टुलावर. रात्रभर तिथेच होते, शर्ट चुरगळलेला, आणि त्यांचा स्वतःचा चष्मा वाकडा बसलेला.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "काडी घट्ट नव्हतीच. मी सैल करत गेलो."

"मला कळलं होतं," ताई म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो.

"दुसऱ्यांदा सैल केलीत ना, तेव्हाच. फ्रेमचं दुखणं असं नसतं, एवढं मलाही कळतं की. पण तुम्ही समोर उभे राहून विचारायचात, बरं वाटतंय? इतक्या आशेने विचारायचात. नाही म्हटलं की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं, ते मला बघवत नव्हतं."

माझा संताप संताप झाला. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं, पण जिभेला हाड नाही.

"आणि डोळा गेला असता म्हणजे? मग कुठून बघणार होतीस त्यांचं तोंड?"

शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, भाऊजींच्या तर आधीच होतं. भाऊजींनी नाक पुसलं, चष्मा सारखा केला आणि तिच्या समोर येऊन उभे राहिले. तेच, मुलासारखे.

"आता खरं सांग. डावा डोळा झाक. नीट दिसतंय?"

"हो. सगळं दि—" ती म्हणाली, आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. मग तिने पुन्हा डावा डोळा झाकला आणि त्यांच्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"तुमचं तोंड दिसतंय," ती म्हणाली. "हात दिसत नाहीत. उठल्यापासून खालची बाजू काळी आहे."

ती खालची बाजू पुढे परत आली नाही, हे आताच सांगून टाकते. बाकीची राहिली, आणि दुसरा डोळा शाबूत राहिला. पण त्या क्षणी आम्हाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. भाऊजींनी आपले हात एकदा पाहिले आणि तसेच "डॉक्टर! डॉक्टर!" करत अनवाणी वॉर्डाबाहेर पळत सुटले. सगळा मजला जागा केला त्यांनी, मिरची मी आणि ओरडत होते ते.

"उगाच घाबरवलं गं त्यांना," ताई म्हणाली.

"घाबरू देत," मी म्हटलं आणि तिचा हात घट्ट धरला. मग मात्र मला रडू आवरेना.