तिसऱ्या रकान्यातले नऊ लाख

संगमनेरच्या एका महिला फुटबॉल क्लबच्या कार्यालयात खिळ्याला टांगलेला मी पांढरा फळा आहे. मित्रांनो, माझ्यावर खेळाडूंची नावे आणि त्यांच्यापुढे तीन वर्षांचे रकाने आहेत. आमच्या लीगमध्ये संघाचा वर्षाचा पगार तीस लाखांपुढे गेलेला चालत नाही. ती मर्यादा डोळ्यांसमोर ठेवणे, एवढेच माझे काम.

गेल्या वर्षी नवी आघाडीपटू घेताना तीन लाख जास्त होऊ लागले. व्यवस्थापक गोरक्षनाथ पूर्वी ऊसतोडीचे मुकादम होते. त्यांनी गोलरक्षक राजनंदिनीचा वर्षाला सहा लाखांचा तीन वर्षांचा करार नव्याने बांधला. तिच्या त्या वर्षीच्या सहा लाखांपैकी साडेचार लाख तिला आधीच उचल म्हणून दिले. लीगच्या हिशेबात उचल कराराच्या सगळ्या वर्षांत सारखी वाटली जाते. त्यामुळे पहिल्या रकान्यात तिच्या नावापुढे सहाऐवजी तीनच लाख लागले. पुढच्या दोन्ही रकान्यांत मात्र साडेसात. सगळे माझ्याकडे पाहून खूश झाले.

मग खंडेनवमी आली. पूजेसाठी शिट्ट्या, पंप धुतले, मलाही स्वच्छ पुसून हळदकुंकू लावले. नंतर गोरक्षनाथांनी आठवेल तसे आकडे पुन्हा लिहिले. राजनंदिनीपुढे सहा आणि सहा. उचल त्याच हंगामात फिटते, या जुन्या मुकादमी सवयीने पुढे वाटलेले दीड-दीड लाख ते विसरले.

त्याच भरवशावर यंदा त्यांनी घोडेगावच्या निकिताला दीड लाखावर संघात घेण्याचा शब्द दिला. तिने दूध संघातली नोकरी सोडली. नोंदणीच्या शेवटच्या दुपारी लीगने यादी परत पाठवली. दीड लाख जास्त! मुदत पाच वाजेपर्यंत.

"निकिताला न्हाई म्हनून कळवतो," गोरक्षनाथ म्हणाले.

"आन् तिची नोकरी कोन देनार माघारी? तुमी?" राजनंदिनीने विचारले. "माझ्या यंदाच्या पगारातल्या तीन लाखांची उचल करा. दोन वर्सांत वाटली जाईल."

"अगं, मग पुढल्या साली तुझ्यापुढं साडेसाताचे नऊ लाख लागत्याल."

"व्हय. चौतिसाव्या वर्षी नऊ लाखांची गोलकीपर! पयली मलाच काढाल, भाऊ."

ती हसली. ते हसले नाहीत.

पाचला वीस मिनिटे कमी असताना यादी मंजूर झाली. राजनंदिनीने चेंडूंवर क्लबचे नाव घालायचा पक्का मार्कर उचलला आणि माझ्या तिसऱ्या रकान्यात नऊ लिहिले.

"आता करा पूजा."

दसरा आठ दिवसांवर आलाय. बादली आणि फडके कोपऱ्यात तयार आहेत. तो नऊ पुसला जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी तो वाचून कोण काय ठरवील, हे मात्र ठाऊक नाही. मित्रांनो, कोणताही फळा पुसण्याआधी त्याचा शेवटचा रकाना उतरवून घ्या. माझ्या शेवटच्या रकान्यात राजनंदिनी उभी आहे.