उलटा कोट

मी चित्रकलेच्या इतिहासाच्या वर्गातला जुना प्रोजेक्टर बोलतोय. डोळा एकच, तोही काचेचा. पोटात दिवा, आणि दिव्याची आच सोसावी म्हणून घरघरणारा पंखा.

कारखान्यात डोळा मला सगळ्यात शेवटी बसवला. तिथल्या बाईंनी तो फुंकर मारून पुसला आणि दिवा लावला. समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला. तो माझ्यातून निघालाय, हे मला कितीतरी वेळ खरंच वाटेना. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

माझं काम म्हणजे काडेपेटीएवढं चित्र घ्यायचं आणि भिंतीएवढं करायचं. स्लाइड माझ्यात डोकं खाली करून घालावी लागते, तेव्हा कुठं चित्र पडद्यावर सरळ उभं राहतं. डावी-उजवी बाजू चुकू नये म्हणून आमच्या बाईंनी प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला होता. ठिपका अंगठ्याखाली आला की बाई डोळे मिटूनही स्लाइड घालत.

त्यांचं एक लाडकं चित्र होतं. खिडकीजवळ उभा एक माणूस, अंगात गडद कोट. काढणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. बाई दरवर्षी सांगत, "बघा, आपली नजर डावीकडच्या माणसावरून उजवीकडच्या खिडकीकडे जाते आणि तिथून बाहेर पडते. हा माणूस निघालाय." मुलं वहीत लिहून घेत. मीही मनात लिहून घेत असे.

वरच्या वर्गात जाताना मुलांना एक विषय निवडावा लागे. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी बाई सगळ्यांना आपल्या विषयाचा एक तास घेऊन दाखवत. त्या वर्षी एक मुलगी मागच्या बाकावर येऊन बसली. तिची आई शाळेसमोर शिवणकाम करायची, म्हणून वर्ग तिला 'टेप' म्हणे. तिच्या अर्जावर मामानं आधीच 'संगणक' लिहून ठेवलं होतं. "चित्रं बघून कुणाचं पोट भरलंय का?" असं तो म्हणाला होता. तिलाही ते खोडून काढता येत नव्हतं.

पडद्यावर खिडकी उजळली. बाई बोलू लागल्या. इतक्यात मागे टेप उभी राहिली आणि बारीक आवाज आला.

"बाई, याचा कोट उलटा आहे."

वर्ग खिदळला. शेजारची म्हणाली, "झालं! आता याचंही माप घेते ही!"

टेप लाल झाली, पण खाली बसली नाही. "पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, बाई. इथं उजवी आलीय. आईकडून एकदा अशी काजं झाली होती, अख्खा पुढचा भाग पुन्हा कापावा लागला."

बाईंनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि त्यातलं चित्र पडद्याशी ताडून पाहिलं. मग स्लाइड काढून उलटी केली. ठिपकाच चुकीच्या कोपऱ्यात होता.

"अकरा वर्षं," त्या हळूच म्हणाल्या. "अकरा वर्षं मी त्याला बाहेर काढतेय."

आता खिडकी डावीकडे होती. उजेड आधी दिसत होता. तो आत येत होता आणि त्या माणसाच्या छातीशी येऊन थांबत होता. माणूस कुठंच निघाला नव्हता, कुणाची तरी वाट बघत होता. वर्गात एवढी शांतता झाली की मला माझ्या पंख्याची लाज वाटली.

"बाई, या विषयात असं बघायचंच असतं?" टेपनं विचारलं.

"बघायचंच असतं. पण माझी चूक सापडली म्हणून विषय घेऊ नकोस हं. घरी विचार."

अर्जातली खाडाखोड पालकांच्या सहीशिवाय चालत नसे. शाळा सुटायला अर्धा तास होता. टेप धावत गेली आणि आईलाच घेऊन आली. आईच्या खांद्यावर दोरा चिकटलेला, मुद्रा रागीट.

"मामाला काय सांगू मी? कोट बघून विषय घेतला म्हणून? बघू दे तरी काय आहे ते."

बाईंनी दिवा लावला. आई पडद्याकडे चालत गेली, थेट माझ्या उजेडात. खिडकी तिच्या पाठीवर पडली. तिनं चित्रातल्या बाहीवर बोट ठेवलं.

"इथं चुणी पडलीय. बाही घाईत जोडलीय." मग बाईंकडे वळून म्हणाली, "पण घाई शिंप्याची, की रंगवणाऱ्याची?"

"हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मला माहीत नाही."

"मग कोण शोधणार?"

आईनं त्या बाहीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग लेकीला म्हणाली, "आण तो कागद. मामाचं मी बघते." टेपनं माझ्याच तापलेल्या पाठीवर अर्ज ठेवला, 'संगणक' खोडलं आणि वर नवा विषय लिहिला. शेजारी आईनं सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली. पेनाचा दाब मला आतपर्यंत जाणवला. एवढी मोठी चित्रं मी भिंतीवर टाकली, पण माझ्या अंगावर कुणी काही लिहिलं ते तेवढंच.

आता माझ्या मापाचा दिवा बाजारात मिळत नाही. मी कपाटात आहे, आणि नवं यंत्र माझ्याहून लख्ख दाखवतं म्हणे. दाखवू दे. तुमच्यासमोर कधी एखादं चित्र उजळलं, तर लांबून मान डोलावू नका. उठून जवळ जा. उजेड अंगावर पडला तर पडू द्या.