बोटावरची साखर

आपल्यापेक्षा वयाने लहान माणूस आपल्याच कामात हुशार निघाला, की पोटात कुठेतरी दुखायला लागतं. आपण ते उघड बोलत नाही, एवढंच.

त्या अतिदक्षता विभागातल्या मोठ्या सिस्टरांना हे दुखणं जडून तीन महिने झाले होते. बावीस वर्षांची नोकरी. हात इतका हलका की कुणाची शीर सापडेनाशी झाली, तर वरच्या मजल्यावरूनही त्यांनाच बोलावणं यायचं. पण हल्ली डॉक्टरीणबाई राउंडला आल्या की आधी विचारायच्या, "नवी सिस्टर कुठाय?" नवी सिस्टर कमी बोलायची आणि खिशात एक छोटी वही बाळगायची. ती वहीसुद्धा मोठ्या सिस्टरांच्या डोळ्यांत खुपायची. घरी त्या तिच्याविषयी इतकं बोलायच्या, की नवरा चेष्टेनं म्हणायचा, "तुझ्या सवतीनं आज काय केलं?"

तीन नंबरच्या खाटेवर एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. जंतुसंसर्ग रक्तात पसरून त्यांचा रक्तदाब कोसळला होता. तो टिकवायला औषध चालू होतं, श्वासाला यंत्र होतं, रक्तदाब मोजायला मनगटाच्या धमनीत नळी बसवली होती आणि त्यांना गुंगीत ठेवलं होतं. साखर वाढलेली, म्हणून इन्सुलिनचा पंप लावला होता. दर तासाला बोटाला टोचून छोट्या यंत्रावर साखर बघायची, आणि आकड्याप्रमाणे पंप कमी-जास्त करायचा.

सकाळी अकराला आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे पंप वाढवायला हवा होता. नवी सिस्टर मास्तरांचा हात हातात घेऊन उभी होती.

"ताई, बोटं अगदी गार आहेत, सूजही आहे. हा आकडा मला खरा वाटत नाही. मनगटातल्या नळीतून रक्त घेऊन लॅबला पाठवू का?"

प्रश्न रास्त होता आणि मोठ्या सिस्टरांना तो कळतही होता. पण तो तिनं विचारला होता!

"बावीस वर्षं मी बोटालाच टोचतेय," त्या म्हणाल्या. "तू पाच नंबर बघ."

ती पाच नंबरकडे गेली. मोठ्या सिस्टरांनी पंप वाढवला. बाराला पुन्हा आकडा चढाच आला, पंप आणखी वाढला.

साडेबाराला भेटीची वेळ झाली. मास्तरांच्या पत्नी आल्या, नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "यांना एवढा घाम का येतोय हो?"

मोठ्या सिस्टर पुढे झाल्या. कपाळ ओलं, गार. साखर उतरली की जागा माणूस सांगतो, भोवळ येतेय, हात कापतायत. गुंगीतला माणूस काय सांगणार? त्यांनी घाईनं बोट टोचलं. एकशे बहात्तर. यंत्र त्यांच्याच बाजूनं बोलत होतं. पण बावीस वर्षांचा हात मात्र सांगत होता की काहीतरी चुकतंय. रक्त लॅबला पाठवायला हवं. पाठवलं, तर ती पोरगी खरी ठरणार! ह्या विचारात एक पूर्ण मिनिट गेलं. पुढे आयुष्यभर त्यांना त्या मिनिटाची लाज वाटत राहिली. मग त्यांनी पंप थांबवला, मनगटातल्या नळीतून रक्त ओढलं, नव्या सिस्टरच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पळ."

शेजारच्या लॅबमधून थोड्याच वेळात फोन आला. साखर अडतीस! शिरेतून ग्लुकोज गेलं. पुन्हा नळीतलंच रक्त तपासलं, तेव्हा आकडा शंभरावर आला होता. मास्तर थोडक्यात वाचले.

कागद घेऊन लॅबमधले काका स्वतः आले. निवृत्तीला टेकलेला, सावकाश बोलणारा माणूस. मोठ्या सिस्टरांनी यंत्राला दोष दिला, तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, घरी चालत्याफिरत्या माणसाला हे यंत्र उत्तम आहे. पण रक्तदाब कोसळला की शरीर हातापायांचं रक्त आवरून घेतं, वर आपलं औषध त्या शिरा आणखी आवळतं. बोटात जे उरतं, ते काही मेंदूला पोचणारं रक्त नव्हे. अंगात रक्त कमी असलं तरी आकडा चुकतो. अशा रोग्याचं बोट कधी जास्त सांगतं, कधी कमी. शंका आली की पडताळायचं. शंका कुणी काढली, हे कशाला बघायचं?"

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं. ते नेमकं लागलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. कागद पाहून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या अनुभवानं आज माणूस वाचवला."

तीन महिने ज्या शब्दांसाठी जीव तळमळत होता, ते शब्द समोर आले होते. नवी सिस्टर पाच नंबरपाशी उभी होती. ती काही बोलणार नव्हती, हेही मोठ्या सिस्टरांना ठाऊक होतं.

"नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "हिनं अकरालाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ती सांगतेय, म्हणूनच ऐकलं नाही."

नंतर मोठ्या सिस्टरांनी घडलेलं सगळं, स्वतःच्या चुकीसकट, नोंदवहीत लिहिलं. नव्या सिस्टरला शेजारी बसवून दोघींनी विभागासाठी एक कागद तयार केला: रक्तदाब कोसळलेल्या, हात गार पडलेल्या रोग्याची साखर बोटावरून ठरवायची नाही.

पाचव्या दिवशी मास्तर शुद्धीवर आले आणि त्यांनी बायकोकडे पेन्सिल मागितली.

वाचकहो, चुकलेलं यंत्र दुसऱ्या तपासणीनं उघडं पडतं. मनातला मत्सर मात्र आपला आपल्यालाच तपासावा लागतो. खरी गोष्ट कुणाच्या तोंडून आली, याचा हिशेब आपण मांडत बसतो, तेव्हा त्याची किंमत भलताच कुणीतरी मोजत असतो.