कंसाबाहेरचा मजकूर

घरात तिला टकळी म्हणत, आणि हे नाव तिने स्वकष्टाने कमावलेलं होतं. एकदा सुरू झाली की समोरच्याने नुसतं हं-हं करायचं. त्या रविवारी दुपारी तर तिच्या पोटात काही मावत नव्हतं. मावशीचं महिन्याभराचं काम तिने एका सकाळीत उरकलं होतं आणि मावशीला त्याचा पत्ताच नव्हता.

मावशी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात होती. अकरा वर्षं तिच्याकडे एकच काम, संचालक सरांची संदर्भसूची सांभाळायची. सरांनी लिहिलेला प्रत्येक लेख, वाचलेलं प्रत्येक पुस्तक एका फाईलमध्ये नोंदवायचं. आधी ॲटचं चिन्ह, मग महिरपी कंस, आणि कंसात लेखक, शीर्षक, साल. अशा अकराशे चाळीस नोंदी झाल्या होत्या. सरांना त्यांची छापायला नीटस यादी हवी होती आणि मावशी डोळे फोडून एकेक नोंद तपासत बसली होती.

"मावशी, झालं तुझं काम. मी केलं."

मावशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुठलं काम? भांडी तर तशीच आहेत."

"सूचीचं गं. तू पेनड्राइव्हवर आणलेली फाईल लायब्ररी वापरून वाचली."

"लायब्ररीत मी बसते दिवसभर. तू कधी आलीस तिथे?"

"कपाटांची लायब्ररी नाही. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम असतो. आपण फाईल त्याच्या हातात द्यायची. तो प्रत्येक नोंदीचा एक ऑब्जेक्ट करतो. म्हणजे असं समज, नोंद म्हणजे एक माणूस आणि त्याला खिसे आहेत. लेखक कोण विचारलं की एका खिशातून लेखक काढून देतो, साल विचारलं की दुसऱ्या खिशातून साल. तुझ्यासारखं उलट काही विचारत नाही."

"आणि तुझ्या खिशात काय? आगाऊपणा?"

"ऐक ना, गंमत तर पुढेच आहे. कंसांच्या बाहेर काही लिहिलेलं असलं तर एरवी कुठलाही प्रोग्रॅम त्याच्यावरून उडी मारून पुढे जातो. जणू ते नाहीच. पण या लायब्ररीत त्याचेही ऑब्जेक्ट होतात. तुझ्या फाईलमधून असे दोनशे बारा निघाले. मी सगळे यादीच्या शेवटी छापले."

मावशीचे हात थांबले. "वाचलेस?"

"नाही, वेळ कुठे होता? मोजले आणि पाठवले सरांना, साडेनऊला, तुझ्याच मेलवरून. मेहनत माझी, शाबासकी तुझी. बघ किती उदार आहे मी."

मावशीने हातातला टॉवेल तसाच चुरगळून मांडीवर ठेवला. तिचा चेहरा असा उतरला, की टकळीच्या तोंडाशी आलेला पुढचा विनोद तिथेच विरला.

"आता वाच," मावशी म्हणाली. "मोठ्याने नको."

टकळीने वाचलं. सुरुवातीला काही कळेना. मग कळायला लागलं आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

'वरची नोंद. नाव सरांचं. लिहिलं पलीकडच्या टेबलावरच्या बाईने. हस्तलिखित तिच्या अक्षरात आज पाहिलं.' खाली तारीख. पुढच्या नोंदीखाली, 'हेही तिचंच.' त्याच्या पुढे, 'हेही.' असं पानभर. मग एका जागी, 'तिने आज सरांना जाब विचारला.' आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, 'तिच्या पिशवीत संस्थेचं दुर्मीळ पुस्तक सापडलं. पिशवी तिने माझ्यासमोर भरली होती. पुस्तक त्यात नव्हतं.' शेवटी, 'तिचं टेबल आज उचललं. सगळे खाली मान घालून काम करत होते. मीही.'

"चोर ठरवलं तिला," मावशी म्हणाली. "तेव्हापासून कुठल्याही संस्थेने दारात उभं केलेलं नाही. आता तिने चौकशी मागितली आहे. गुरुवारी समिती बसणार. ही फाईल मी तिथे ठेवणार होते."

"पण तू हे ऑफिसच्याच फाईलमध्ये का लिहिलंस? घरी वहीत लिहायचं."

"वही काय, कुणीही कधीही लिहितं. या फाईलच्या रोजच्या प्रती संस्थेच्या संगणकावर तारखेसकट राहतात. मी परवा बसून रचलं असं कुणाला म्हणता येणार नाही. आणि सर फाईल उघडतच नाहीत. त्यांना छापलेलं लागतं."

छापून टकळीनेच दिलं होतं. फुशारकीने, ठळक अक्षरात, 'इतर मजकूर' असं शीर्षक देऊन.

"रडू नकोस," मावशी म्हणाली. "उद्या ऑफिस उघडेपर्यंत सर सगळ्या प्रती पुसायला लावतील. मग आपल्याकडची ही एकच उरेल. गुरुवारची वाट बघण्यात अर्थ नाही. समितीच्या अध्यक्षांना आत्ताच पाठव. अख्खी मूळ फाईल."

टकळीने पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'मिळाली. पाहतो.'

मावशीने कितीतरी वेळाने श्वास सोडला. "सभ्य गृहस्थ आहेत म्हणतात," ती म्हणाली आणि पुन्हा टॉवेल हातात घेतला. त्याची घडी तिने तीनदा घातली, तीनदा मोडली.

पाऊण तासाने बेल वाजली. दारात संचालक सर उभे होते. अकरा वर्षांत त्यांनी या घराचा जिना चढलेला नव्हता. जराही धाप न लागता ते आत आले आणि सगळ्यात साध्या खुर्चीत बसले.

"सुट्टीच्या दिवशी त्रास दिला, बाई."

मावशी उभीच होती. "सर, ती सकाळची मेल... भाचीने पाठवली. तिला काही माहीत नव्हतं. तिला यात ओढू नका."

"कुठली मेल?" सरांच्या कपाळावर खरोखरच आठी पडली. "रविवारी मी मेल उघडत नाही. मला आत्ता अध्यक्षांचा फोन आला. आम्ही शाळेत एका बाकावरचे. म्हणाले, अरे, तुझ्या ग्रंथालयातल्या बाईंनी काहीतरी धाडलंय, जरा जाऊन बघ, त्यांची तब्येत ठीक आहे ना."

टकळीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. गुरुवार आज बुडाला नव्हता. गुरुवारची चौकशी खरी कधी नव्हतीच.

"तुमची तब्येत ठीक आहे ना?" सरांनी अगदी काळजीने विचारलं. मग ते टकळीकडे वळले. "आणि ही हुशार भाची. ती फाईल आणखी कुणाकडे आहे, बाळ?"

मावशीने मान हलवली, इतकी किंचित की फक्त टकळीला दिसावी. नाही म्हण. टकळीला ते दिसलं. पण तिला ते टेबलही दिसत होतं, चार माणसांनी उचललेलं, आणि त्याच्या भोवती खाली घातलेल्या माना.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"टकळे," मावशी पुटपुटली.

"वा," सर म्हणाले. "दाखव बघू मला, कशी वाचतेस."

टकळीने लॅपटॉप मांडीवर घेतला. आवाज तिचाच होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तिने पहिला ऑब्जेक्ट उघडला आणि तारखेसकट वाचायला सुरुवात केली. वरची नोंद. नाव सरांचं. लिहिलं पलीकडच्या टेबलावरच्या बाईने. दार उघडंच होतं. जिन्यात कुणाची तरी पावलं थबकली. टकळीने आवाज आणखी चढवला. हेही तिचंच. हेही.

मावशी तिला थांबवायला पुढे झाली आणि थांबवायचं सोडून तिच्या शेजारी बसली.

सर सावकाश उठले. जिन्यातल्या माणसाकडे बघून ओळखीचं हसले, दार लोटलं, आतून कडी घातली आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"हं," ते म्हणाले. "पुढे."