एदेनाबाहेरची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. माझ्या अंगावरून हात फिरवलात तर आधी खरखर लागेल आणि मग हळूहळू ऊब. आता मला तीन ठिगळे आहेत. एका बाजूचा काळा रंग उडून तांबूस झाला आहे. तरीही माझी वीण अजून सुटलेली नाही, कारण मला विणणारे हात चांगले होते.

कोगनोळीच्या मष्णू सणगराने मला मागावर विणले. धनगरांनी कातरलेल्या काळ्या मेंढरांची लोकर त्याच्या बायकोने, जयाबाईने, पिंजली आणि तिचे सूत काढले. विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ लावून त्यांनी मला उन्हात ताणून वाळवले. त्या दोन दिवसांत मी फळीसारखी ताठ झाले. मग मष्णूने निपाणीच्या बाजारात मला खांद्यावर टाकून उभे राहावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगावे, "एक पिढी जाईल, ही घोंगडी जायची न्हाय."

मला विकत घेणारे गृहस्थ म्हणजे हरिभाऊ. ते बेळगावजवळ सांबऱ्याच्या वाटेवरच्या एका ख्रिस्ती मिशनच्या आवारात पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला उंच, कडक माणूस. बोलणे मोजके आणि नियम पक्का. ते खेडोपाडी पायी जात तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर असे. प्रार्थनेला बसत तेव्हा मी त्यांच्याखाली असे. कुणी आजारी असेल तर ते मला त्याच्या अंगावर घालत. "पाळकसाहेबांची घोंगडी" म्हणून लोक मला ओळखत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

ते आवार मी कधी विसरणार नाही. चारी बाजूंनी काटेरी कुंपण, समोर लोखंडी फाटक, आत गोड्या पाण्याची विहीर, पेरूची झाडे, प्रार्थनेचे छोटे ख्रिस्ती देऊळ आणि अनाथ मुलींचे बोर्डिंग. बावीस मुली तिथे राहत. बाहेरून कुणी पाहुणा आला की म्हणे, ही तर बायबलातली एदेन बागच आहे. फाटकावर राखणदार होता भावकू आणि बोर्डिंगचा स्वयंपाक करीत असे त्याची बायको रुक्माबाई. दोघेही आसपासच्या गावचे. ख्रिस्ती झाल्यावर घरच्यांनी त्यांना तोडले होते. त्यांचे लग्नही पाळकसाहेबांनीच जमवून लावून दिले होते.

सन एकोणीसशे अकराच्या हिवाळ्यात प्लेग आला. शेजारच्या गावात उंदीर पडू लागले आणि लोक घरे सोडून माळावर कडब्याच्या झोपड्या बांधून राहिले. त्या सकाळी पाळकसाहेब मला अंगावर घेऊन देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "आजपासून फाटकाला कुलूप. आतला बाहेर जाणार नाही, बाहेरचा आत येणार नाही. बावीस लेकरांचा जीव या एका आज्ञेवर आहे. जो मोडेल त्याला इथे जागा नाही." किल्ली त्यांनी भावकूच्या हातात दिली.

आठवडा गेला. एके दुपारी मला फाटकाजवळच्या कुंपणावर उन्हात टाकले होते, म्हणून पुढचे मी पाहिले. वाटेने जाणाऱ्या एका गुराख्याने ओरडून सांगितले, की रुक्माबाईची धाकटी बहीण मालुबाई तापाने पडली आहे. मालुबाई विधवा होती, तिची मुलगी जेमतेम आठ महिन्यांची. रुक्माबाई फाटकाशी आली. तिने भावकूकडे काही मागितले नाही. गजांना धरून ती नुसती रडत राहिली.

भावकूने इकडेतिकडे पाहिले. पोरी जेवून निजल्या होत्या. त्याने कुलूप काढले आणि म्हणाला, "जा. चूल पेटायच्या आत परत ये. कुणाला कळायचं न्हाय."

ती गेली आणि उन्हे कलायच्या आत परतली. विहिरीवर तिने आंघोळ केली आणि बोर्डिंगच्या चुलीवर नेहमीसारख्या भाकऱ्या थापल्या. बावीस मुली जेवल्या. मी सारे जाणत होते, पण घोंगडीला तोंड कुठे असते? तीन दिवस मी पाळकसाहेबांच्या खांद्यावर ते ओझे घेऊन बसले.

चौथ्या दिवशी सकाळी मालुबाईचा शेजारी परशराम फाटकाबाहेर दूर उभा राहून ओरडला, "रुक्मे, तू आलतीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मालूला गाठ आली. आज पाटंला गेली ती. पोरगी झोपडीत वरडतीया. कोण हात लावंना. तू नेतीस काय?"

नेमक्या त्याच सकाळी बोर्डिंगमधल्या एका मुलीला थंडी वाजून ताप भरला होता.

पाळकसाहेबांनी दोघांना देवळासमोर उभे केले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "फाटक कोणी उघडलं?" त्यांनी विचारले.

भावकूने मान खाली घातली. मग तो बायकोकडे बोट करून म्हणाला, "साहेब, ही बायको तुमीच करून दिल्याली. हिनं किल्ली मागितली, म्या दिली."

रुक्माबाईने नवऱ्याकडे एकदाच पाहिले. ते खोटे होते हे तिघांनाच ठाऊक होते : तिला, त्याला आणि मला. पण ती त्यावर काहीच बोलली नाही. पाळकसाहेबांना ती म्हणाली, "बहिणीसाठी गेलते. त्येचं मला वाईट वाटत न्हाय. पर आल्यावर मुकाट्यानं पोरींना भाकरी घातली, त्ये चुकलं. त्या येळी सांगायला पायजे हुतं."

"आत्ता निघा," पाळकसाहेब म्हणाले. "या आवारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"कपडे घेऊ दे की साहेब," भावकू म्हणाला.

"खोलीतल्या वस्तूंना कुणी हात लावणार नाही. त्या जाळाव्या लागतील."

अंगावरच्या लुगड्यानिशी ती आणि अंगावरच्या सदऱ्यानिशी तो, असे ते बाहेर गेले. फाटक बंद झाले. त्या आठवड्यात बेळगावचा वारा हाडात शिरत होता.

त्या ताप भरलेल्या मुलीला एका बाजूच्या खोलीत ठेवले. पाळकसाहेबांची बायको शालूबाई दिवसातून दहा वेळा तिच्या काखेत, जांघेत हात घालून गाठ आहे का ते पाही. आवारात कुणी मोठ्याने बोलत नव्हते. कुठे खुडबुड झाली तरी मुली उंदीर समजून दचकत. दिवसाआड ताप उतरे आणि पुन्हा चढे. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी कुंपणापलीकडून सगळे ऐकून घेतले आणि हिवतापाचे औषध पाठवले. ते लागू पडले. शालूबाई खाली बसून रडली. पाळकसाहेब मात्र रडले नाहीत. ते रविवारच्या उपदेशाची तयारी करीत होते.

रविवारी देऊळ भरले होते. देवाने मना केलेले फळ खाल्ले म्हणून आदाम आणि हव्वेला एदेन बागेतून काढले, तो अध्याय पाळकसाहेबांनी निवडला होता. ख्रिस्ती माणसाने त्यातून आज्ञापालनाचा धडा घ्यावा, असे त्यांना सांगायचे होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा ठाम होता. देव बागेत फिरत हाक मारतो, तू कुठे आहेस. माणूस झाडांआड लपलेला. मग आदाम म्हणतो, तू दिलेल्या बायकोने मला फळ दिले. तिथे पाळकसाहेबांचा आवाज अडखळला. मी त्यांच्या खांद्यावर होते. भावकूचे शब्द त्यांच्या कानात वाजले असावेत.

ते पुढे वाचत गेले. शाप, काटे, कुसळे, घामाची भाकर. आणि मग ते थांबले. पुस्तकात सांगितले होते, की देवाने त्या दोघांसाठी कातड्याचे कपडे केले आणि ते त्यांना घातले. बागेबाहेर काढले ते त्यानंतर.

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "हा अध्याय मी किती वेळा वाचला असेन. बाहेर काढलं, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं. देवानं आधी त्यांना पांघरूण घातलं. आज्ञा मोडणाऱ्यांना त्यानं उघडं धाडलं नाही. मी धाडलं." त्यांनी पुस्तक मिटले. उपदेश तेवढाच झाला.

ते दाराकडे निघाले तेव्हा शालूबाई आडवी आली. "घोंगडी देणार असाल तर कुंपणावरून टाका. तिथं गेलेली वस्तू आत आणता येणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"आणि गेलेला माणूस?"

"त्यालाही दहा दिवस येता येणार नाही. फाटक मागून लावून घे. मी बाहेर असलो तरी माझ्यासाठीसुद्धा उघडायचं नाही."

शालूबाईने किल्ली घेतली.

मित्रांनो, मी किती घाबरले होते ते कसे सांगू? माळावर दिसणारी प्रत्येक झोपडी मला खाईसारखी वाटत होती. गावकऱ्यांच्या झोपड्या एका बाजूला होत्या. भावकू-रुक्माबाईंना तिथेही कुणी जागा दिली नव्हती. त्यांनी ओढ्यापलीकडे चार काटक्यांचा आडोसा केला होता. रुक्माबाई मालुबाईच्या तान्ह्या मुलीला पदरात गुंडाळून बसली होती. भावकू दिसत नव्हता. पाळकसाहेबांना येताना पाहून तो झुडपाआड गेला होता.

"भावकू," पाळकसाहेबांनी हाक मारली, "कुठं आहेस रे?"

भावकू झुडपाआडच राहिला. पाळकसाहेब पुढे गेले आणि त्यांनी मला खांद्यावरून काढून रुक्माबाईच्या आणि त्या लेकराच्या अंगावर घातले. ती मागे सरली. "साहेब, शिवू नगा. आमच्यात रोग असंल."

"म्हणूनच आलो," ते म्हणाले, आणि जरा अंतरावर स्वतःसाठी काटक्या गोळा करू लागले.

तिसऱ्या दिवशी भावकूला ताप भरला आणि जांघेत गाठ आली. रुक्माबाईने मला त्याच्यावर घातले. आतापर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाणी पाजी, अंग पुसे, पण तोंड बंद. पाळकसाहेब ओढ्यावरून पाणी आणत आणि पोरीला मांडीवर घेऊन बसत. शालूबाई रोज पेज आणि दूध करून गजांमधून फाटकाबाहेर ठेवी आणि आत लांब उभी राहून विचारी, "आहेत का?" पाळकसाहेब हात वर करीत. मग ती मागे फिरे.

पाचव्या दिवशी भावकू बरळू लागला. सगळ्यांनी आशा सोडली. संध्याकाळच्या सुमाराला तो एकाएकी शुद्धीवर आला. त्याच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली होती.

"रुक्मे," तो म्हणाला, "किल्ली तू मागितली न्हाईस. म्या आपणहून कुलूप काढलं. मी भ्यालो गं."

"व्हय," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलते."

त्याने मान वळवून पाळकसाहेबांना तेच पुन्हा सांगितले. पाळकसाहेब म्हणाले, "मीही विचारलं ते शिक्षा द्यायला विचारलं, भावकू. तुझं ऐकून घ्यायला नाही."

गाठ फुटली आणि ताप उतरला. भावकू वाचला. सगळेच वाचतात असे नाही. त्या हिवाळ्यात गावकऱ्यांच्या झोपड्यांतून अठरा माणसे गेली.

दहा दिवसांनी सरकारी माणसे रोग्यांचे कपडे जाळायला आली. जाळ पेटला होता आणि त्यांनी काठीने मला उचलले होते. रुक्माबाई पुढे झाली. "दादा, एवढं एकच पांघरूण हाय. तान्हं पोर हाय." त्या माणसाने तिच्याकडे पाहिले, मग पोरीकडे. कुरकुरत त्याने मला औषधाच्या उकळत्या पाण्यात बुडवले. अंग भाजले, रंग गेला, पण मी जाळात गेले नाही.

पाळकसाहेब दोघांना म्हणाले, "चला आता. तुमची जागा तुम्हाला परत आहे."

भावकू फाटकापर्यंत गेला. आत सगळे जमले होते. त्याने गजांबाहेर उभे राहूनच सांगितले, की फाटक आपण उघडले होते आणि बायकोवर आळ घेतला होता. बोलून झाल्यावर त्याने मान वर केली.

पण रुक्माबाई आत जायला तयार नव्हती. ती म्हणाली, "साहेब, आत लई सुख हुतं. पर तितं ओढ्यापलीकडं इतकं दिस काढलं, तर दिसलं की बाहीर आजारी माणसाला पाणी पाजायला बी कोण न्हाय. आमी हितंच ऱ्हातो. साथ सरली की फाटक तेवढं दिवसा उघडं असू दे."

त्यांनी सांबऱ्याच्या शिवारात वाट्याने शेत केले. काटे काढले, दगड वेचले, घाम गाळला. मालुबाईच्या मुलीचे नाव मनू ठेवले. आधी तोंड फिरवणारे गावकरी आजारपणात रुक्माबाईला बोलावू लागले. दर महिन्याला पाळकसाहेब येत आणि बांधावर बसत. ते आता कमी उपदेश करीत आणि जास्त विचारपूस करीत.

आज एकोणीसशे सत्तेचाळीस साल आहे. पाळकसाहेब, भावकू, रुक्माबाई, तिघेही गेले. मी मनुबाईच्या घरात आहे. काही वर्षे माझे हाल झाले. कुणी मला बैलगाडीत पोत्यांखाली टाकले, कुणी ओल्या अंगाने तसेच कोनाड्यात कोंबले. लोकर खाणारी कसर लागली तेव्हा मनुबाईच्या लक्षात आले. तिने उन्हात झटकून मला ठिगळे लावली.

मित्रांनो, घोंगडी वापरा, पण तिला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि माणसांचेही तसेच आहे. चूक झाली तर लपवू नका, दुसऱ्याकडे बोट दाखवू नका. कधी कुणाला दाराबाहेर काढायची वेळ तुमच्यावर आली, तर दार लावण्याआधी बाहेर थंडी किती आहे ते एकदा पाहा.