गंधाली बरी आहे

गंधालीने कारल्याची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि जेवायला बसलेल्या तिन्ही मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अगं, कारलं आहे ते," अबोली म्हणाली.

"पता है मम्मी. हेल्दी होता है."

नऊ वर्षांच्या पोरीने डोळे घट्ट मिटून घास गिळला, वर पेलाभर पाणी प्यायली आणि कोणी न सांगता आपली कॅप्सूल काढून तोंडात टाकली. एरवी ती कॅप्सूल तिच्या घशाखाली उतरवायची म्हणजे घरात रोज एक तमाशा असायचा. आजी गोष्ट सांगणार, बाबा धाक दाखवणार, आणि शेवटी आई गुळाचा खडा घेऊन मागे धावणार. आज काहीच लागलं नाही.

"पाह्य बाप्पा, माही पोट्टी शहाणी झाली," विनोदिनीबाई नातीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. मग सुनेकडे वळून त्यांनी आवाज उतरवला. "आला का फोन?"

"आला असता तर सांगितलं नसतं का, आई?"

ऋषिकेशने ताटाशेजारी पालथा ठेवलेला मोबाइल उलटून पाहिला आणि पुन्हा पालथा घातला. फोन यायचा तो अबोलीच्या मोबाइलवर. हे त्याला ठाऊक होतं, तरी जेवण होईपर्यंत त्याने तसं आणखी दोनदा केलं.

अबोलीला तिसरा महिना संपत आला होता. गेल्या आठवड्यात दवाखान्यात तिच्या पोटातून सुई घालून बाळाच्या वारेचा एक इवलासा कण काढला होता आणि तो तपासायला बाहेरगावी पाठवला होता. गंधालीला सिकलसेल आहे, आईबापांच्या रक्तातून येणारा आजार. अबोली आणि ऋषिकेश दोघंही त्या आजाराचे वाहक आहेत, आणि हे त्यांना कळलं ते लेक दीड वर्षाची असताना, तिचे हातपाय सुजून पुरीसारखे फुगले तेव्हा. तोवर दोघंही ठणठणीत. लग्नाच्या वेळी छत्तीस गुण जुळवून घेतले होते, पण रक्त तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. "आमच्या घरात कोणालेच नव्हतं हे," विनोदिनीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. मग त्यांचंही रक्त तपासलं, आणि तेव्हापासून त्या हे वाक्य बोलत नाहीत.

दवाखान्यातल्या डॉक्टर शर्मिष्ठा मूळच्या ओडिशाच्या. त्यांनी कागदावर चार गोल काढून एक गोल काळा केला होता. चारात एक. पोटातलं बाळ त्या काळ्या गोलातलं निघालं, तर वेळ हातात आहे, ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं त्यांनी सावकाश, दोनदा समजावून सांगितलं होतं.

ते ठरलंही होतं. सुई टोचून घरी आल्यावर अबोली दिवाणावर आडवी पडली होती, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "अन् तसंच निघालं तं?" आणि ऋषिकेश म्हणाला, "मग नाही ठेवायचं, आई. दोघांनी मिळून ठरवलं आहे." गंधाली तिथेच जमिनीवर बसून मोबाइलवर कार्टून बघत होती. तिच्या कानात इअरफोन होते, म्हणून कोणी आवाज खाली केला नाही.

अबोलीने तेव्हा मान हलवली होती. पण 'नाही ठेवायचं' हे शब्द तिला काट्यासारखे सलत राहिले. ते शब्द अजून न दिसलेल्या एका जीवाबद्दल होते, पण तिच्या डोळ्यांपुढे यायची ती जमिनीवर बसलेली, पातळ मानेची, पिवळसर डोळ्यांची तिची पोरगी. दहा वर्षांपूर्वी ही तपासणी केली असती तर हिचं काय केलं असतं आपण? या प्रश्नापाशी आली की अबोली उठून काहीतरी काम काढायची. घरातले सगळे डबे त्या आठवड्यात तीनदा घासून झाले.

आणि नेमकी याच दिवसांत गंधाली बरी झाली.

म्हणजे तशी ती अंथरुणाला खिळलेली नव्हतीच, पण थंडी पडली की तिच्या हातापायांचं दुखणं डोकं वर काढायचं. डिसेंबरात रायपूरची सकाळ बोचरी असते, आणि दरवर्षी याच महिन्यात एकदा तरी तिला दवाखान्यात न्यावं लागायचं. यंदा काही नाही. पोरगी रोज शाळेत गेली. लोकरीचे मोजे सांगण्याआधी चढवले. पाणी पी म्हणून ओरडायची गरजच उरली नाही. उलट शाळेतून आल्यावर आणि झोपताना ती स्वतःच स्वयंपाकघरात यायची आणि आपल्या स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मागायची.

"और गरम, मम्मी."

"तोंड पोळेल गं."

"थंडा करके पिऊँगी ना."

अबोली बाटली भरून द्यायची आणि मनातल्या मनात कोणाकोणाला नमस्कार करायची.

गंधाली घरात हिंदीच बोलायची. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, कार्टूनही हिंदी. आईबाबांनी मराठीत विचारावं, तिने हिंदीत उत्तर द्यावं, असा या घराचा रिवाजच झाला होता, आणि आजी त्यावरून तिला 'रायपूरची पाहुणी' म्हणून चिडवायची. दुखायला लागलं की मात्र पोरीची सगळी हिंदी गळून पडायची. मग मम्मीची आई व्हायची आणि तोंडातून थेट आजीची मराठी यायची. शेजारच्या खोलीतून नुसतं "आई गं" ऐकू आलं, तरी अबोली गरम पाण्याची पिशवी शोधायला लागायची. आता कितीतरी दिवसांत ती हाक आली नव्हती.

शनिवारी दुपारी जिन्यात समोरच्या घरातली पिंकी भाभी भेटली. तिला सोनोग्राफी म्हटलं की एकच गोष्ट सुचत असे.

"दीदी, देखने गए थे क्या? बेटा है ना?" तिने डोळे मिचकावून विचारलं.

"वो सब नहीं बताते, भाभी. जेल हो जाती है," अबोली म्हणाली. खरं कारण पिंकी भाभीला सांगायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या शंकर नगरला सांगण्यासारखं होतं.

तेवढ्यात दप्तर घेऊन गंधाली जिना चढून आली. कठड्याला हात लावून एकेक पायरी, तोंडाने गाणं गुणगुणत. "आंटी, मैं अब एकदम ठीक हूँ," तिने कोणी न विचारता जाहीर केलं. "मुझे अब कुछ नहीं होता." वर पोचल्यावर ती खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिली, आणि नाड्या सुटायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी खालच्या अंगणात तिने आजीला बोलावून दोरीवरच्या उड्या मारून दाखवल्या. अबोली आणि ऋषिकेश वर गॅलरीत उभे होते. सिलतऱ्याहून तो नुकताच आला होता. तिथे तो लोखंडाच्या कारखान्यात नमुने तपासायच्या खोलीत काम करायचा.

"आमच्याकडे सकाळचा नमुना असला तर दुपारपर्यंत निकाल असतो," तो म्हणाला. "इथे एवढुशा कणाले इतके दिवस लावून राहिले."

अबोली खाली बघत होती. उड्या फार नव्हत्या, पण आजी टाळ्या वाजवत होती आणि पोरगी हसत होती.

"मी काय म्हणते," अबोलीने कठड्यावरचं सुकलेलं पान तोडलं. "निघालं तसं, तरी ठेवू या का?"

ऋषिकेशने खिशातून मोबाइल काढून पाहिला आणि परत ठेवला.

"बघा ना तिच्याकडे. किती बरी आहे ती. आता औषधं आली आहेत, आपल्याला सगळं कळते. पहिल्यासारखं नाही राहिलं. असलं तं असलं. करू आपण."

"अबोली, ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. पण तेव्हा मी हिच्याकडे बघून नव्हते ठरवलं. हिच्या आजाराकडे बघून ठरवलं होतं."

त्याने कपाळ चोळलं. "मागच्या वर्षी मी तिले उचलून धावत खाली नेलं, तेव्हा ती काय म्हणत होती आठवते तुले? बाबा, माझे पाय काढून टाका. मले ते वाक्य अजून झोपू देत नाही. तू म्हणून राहिली ना ठेवू, मग एकदा तिलेच विचार. ज्याचं जळते त्याले कळते."

"नऊ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? तिला यातलं काय माहीत?"

खाली दोरी थांबली होती. गंधाली ओट्यावर बसून वर बघत होती. आईबाबा बघताहेत हे दिसताच ती उठली आणि तिने आणखी दोन उड्या मारल्या.

"मले विचार करू दे," ऋषिकेश शेवटी म्हणाला. अबोलीच्या छातीवरचा दगड इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरासा हलला. ती मनाशी म्हणाली, हा वळेल. पोरीकडे बघून हा नक्की वळेल.

फोन आला सोमवारी, दुपार कलल्यावर. ऋषिकेश कामावर होता. अबोलीने पिठाच्या हाताने मोबाइल उचलला, तो निसटून ओट्यावर पडला, आणि उचलताना कशी कोण जाणे स्पीकरची कळ दाबली गेली. विनोदिनीबाई देवघरातून उठून आल्या. शाळेतून आलेली गंधाली पलंगावर पांघरूण घेऊन चित्रकलेची वही रंगवत होती. तिचा खडू थांबला.

"अबोली जी? मैं शर्मिष्ठा बोल रही हूँ. बैठी हैं ना आप?"

अबोली बसली नाही. तिला बसण्यासारखं काही दिसलंच नाही.

"रिपोर्ट अच्छी है. बच्चा कैरियर है, आप दोनों के जैसा. बीमारी नहीं है. समझीं आप? बीमारी नहीं है."

पुढे डॉक्टर बरंच बोलल्या. पुढची तपासणी, पुढची तारीख, बाळ जन्मल्यावर पुन्हा रक्त बघू. अबोली प्रत्येक वाक्याला "हव, हव" म्हणत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत राहिलं.

"काय म्हणते? नाही ना तसं?" सासूबाईंनी तिचा दंड पकडला.

"नाही आई. बाळ चांगलं आहे."

"सुटलो रे देवा! नाही ना हिच्यासारखं..." विनोदिनीबाई एवढं बोलल्या आणि त्यांची नजर पलंगाकडे गेली. त्यांनी जीभ चावली. मग देवापुढे साखर ठेवायचं निमित्त काढून त्या जवळजवळ पळतच आत गेल्या.

अबोलीने डोळे पुसले. हाताचं पीठ गालाला लागलं. आनंद झाला होता, तो खोटा नव्हता, आणि तो इतका मोठा होता की तिला पोरीकडे बघायची लाज वाटली. तरी ती पलंगापाशी गेली.

"मतलब बेबी आएगा?" गंधालीने विचारलं.

"येईल गं राणी."

"पक्का? पापा ने भी हाँ बोल दिया?"

अबोली पलंगाच्या कडेला टेकली. "तुला काय माहीत बाबांचं?"

गंधाली वही बाजूला ठेवत होती, खडू एकेक करून डबीत भरत होती. डबी बंद केली. मग तिने आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं, शाळेत बाई प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे म्हणेपर्यंत मुलं पाहतात तसं.

"बदलणार नाही ना कोणी?"

"नाही. कोणीच नाही बदलणार."

पोरीचे खांदे खाली आले. तिचा चेहरा इतका वेळ तिने हाताने धरून ठेवला असावा, तसा तो एकदम सुटला. ओठ वाकडे झाले आणि थरथरू लागले.

"आई," ती म्हणाली, "मग आता सांगू?"

अबोलीचा हात पांघरुणाखाली गेला होता. आत स्टीलची बाटली होती, अजून गरम, काठोकाठ भरलेली, तशीच्या तशी. ती पायाला टेकवून ठेवलेली होती.

"पाय दुखून राहिले माझे. लय दुखून राहिले, आई."

अबोलीने लोकरीचा मोजा खाली सरकवला. नडगीवर बाटलीच्या बुडाएवढा लाल गोल उमटला होता, त्याच्याशेजारी एक जुना, काळसर पडलेला. आतून देवघराची घंटा वाजली आणि सासूबाई मोठ्याने विचारू लागल्या, ऋषीले फोन केला का, पेढे गोल बाजारातूनच आण म्हणा, किती सांगू?